टँकरच्या आधी प्रभुभोजन

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात आमच्या उदगीरच्या चर्चमध्ये दर रविवारी धबधबा कोसळायचा. पडद्यावर. निळं पाणी, हिरवी झाडं, पांढरा फेस, आणि त्या फेसावर पांढऱ्याच अक्षरांत गाण्याच्या ओळी. वाचणार काय, कपाळ?

प्रोजेक्टर आणवला चर्च कमिटीच्या सेक्रेटरींनी. लॅपटॉपवर मला बसवलं, कारण मला मराठी टाइप करता यायचं. ते मी शिकले उदगीर जिल्हा व्हावा म्हणून चाललेल्या आंदोलनात. कृती समितीची पत्रकं मीच लिहायची आणि बसस्टँडवर मीच वाटायची. पत्रक तुम्हाला एक गोष्ट शिकवतं : माणूस उभ्या उभ्या वाचतो. अक्षर ठसठशीत पाहिजे, ओळी थोड्या पाहिजेत, नाहीतर दुसऱ्या मिनिटाला त्या कागदात शेंगदाणे बांधलेले असतात. पडद्याचंही तेच. एका वेळी दोन ओळी, पांढऱ्यावर काळ्या. गाणारा जिथं श्वास घेतो तिथंच ओळ तोडायची. शेवटचा शब्द लोकांच्या तोंडात असतानाच पुढचं पान आणायचं, नाहीतर सगळी मंडळी आ वासून उभी राहते. आणि मागं चित्र नको. हे सगळं मी सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, बिनचित्राचं पान दुखवट्याच्या कागदासारखं दिसतं. देवाच्या घरात जरा गारवा दिसू दे.

गारवा म्हणे. वर पत्रा. पडदा नीट दिसावा म्हणून खिडक्यांना गोणपाट ठोकलेलं. वीज गेली की पंखे बंद, कारण इन्व्हर्टर प्रोजेक्टरला लागायचा. बाया पदरानं वारा घेत धबधबा बघत बसायच्या.

पडद्यानं आणखी एक केलं. लोकांनी गाण्याची पुस्तकं आणणं सोडलं. पडद्यावर जे येईल ते म्हणायचं, एवढंच सगळ्यांना कळू लागलं. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांचंही तेच. उपासनेचं पुस्तक घरी ठेवून यायचे आणि पुढं काय आहे ते मान वळवून पडद्यावर बघायचे.

आमच्या गल्लीत नगरपालिकेचा टँकर रविवारी यायचा. नेमका उपदेश संपून प्रभुभोजन सुरू व्हायच्या बेताला. कोपऱ्यावर घागरींची रांग सकाळीच लागलेली असायची. हॉर्न वाजला आणि घागरीपाशी माणूस नसलं, की घागर लाथेनं बाजूला. म्हणून निम्म्या बाया दाराजवळ बसायच्या, कान रस्त्याकडं. माझी माय त्यांच्यातच. पुरुषांच्या बाजूनं एकही माणूस उठत नसे. पाणी पिण्यापुरताच त्यांचा पाण्याशी संबंध.

प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेणं, आमच्यात महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी. टँकर सुरू झाल्यापासून मायला ते एकदाही मिळालं नव्हतं. टेबलावर पांढऱ्या कापडाखाली झाकलेली भाकर आणि प्याला ती दुरून बघायची, आणि हॉर्न वाजला की उठायची. एकदा घरी रांजणात घागर रिकामी करता करता म्हणाली, "पाणी भेटतंय गं. पर भरल्या ताटावरून उठून आल्यावानी वाटतंय."

मी कमिटीपुढं गेले. म्हटलं, पहिल्या रविवारी प्रभुभोजन आधी घ्या, उपदेश मागून करा. पाळकसाहेबांनी सेक्रेटरींकडं बघितलं. सेक्रेटरी म्हणाले, "हे चर्च हाय, मोर्चा न्हाई. क्रम बापजाद्यापासून ठरलेला हाय." वर मलाच एक पान करायला सांगितलं : उपासना चालू असताना कोणीही बाहेर जाऊ नये. मागं धबधबा टाक म्हणाले.

बापजाद्यांच्या वेळी प्रोजेक्टर होता का? तो आणताना बापजादे आठवले नाहीत, आणि माय पाण्यासाठी उठली की उपासनेचा अपमान होतो. ते पान मी केलं नाही. दुसरं केलं.

पुढच्या पहिल्या रविवारी पहिलं गाणं संपलं. पाळकसाहेब खिशातून उपदेशाचे कागद काढत होते. मी बटण दाबलं. पडद्यावर प्रभुभोजनाच्या आधीची पापकबुलीची प्रार्थना आली. दोन ओळी, काळी अक्षरं, धबधबा नाही. आणि मंडळी म्हणायला लागली. लागणारच. पडद्यावर येईल ते म्हणायचं, हे त्यांना सेक्रेटरींनीच शिकवलं होतं.

पाळकसाहेबांनी पडद्याकडं बघितलं, लोकांकडं बघितलं. सगळी मंडळी पाप कबूल करत असताना थांबा कसं म्हणणार? कागद खिशात गेले. सेक्रेटरी भिंतीच्या कडेकडेनं माझ्यापाशी आले आणि दातओठ खात म्हणाले, "मागं घे ते."

"काका, सगळे पाप कबूल करायलेत," मी म्हटलं. "तुम्ही बी करा."

टेबलावरचं कापड निघालं. माय पुढं गेली, गुडघ्यावर बसली, ओंजळ पुढं केली. हॉर्न वाजला तेव्हा उपदेश चालू होता आणि ती पदर खोचत शांतपणे बाहेर पडली.

त्याच आठवड्यात कमिटीनं माझ्याकडून लॅपटॉप काढून घेतला. आरोप असा, की मी देवाच्या घरात आंदोलन घुसवलं. जिल्ह्याची भांडणं जिल्ह्यापाशी ठेवावीत. मी म्हटलं, एकच भांडण आहे. आमची सोय दुसऱ्या कोणीतरी लांब बसून ठरवायची, ते आम्हाला चालत नाही. माझं बोलणं कोणी लिहून घेतलं नाही. लॅपटॉपवर सेक्रेटरींचे जावई बसले. आता अक्षरं गरगर फिरत यायची आणि थांबेपर्यंत कडवं संपलेलं असायचं.

पुन्हा पहिला रविवार आला. मी मागं दाराशी उभी होते. गाणं संपलं, जावयांनी उपदेशाचा विषय पडद्यावर आणला. पाळकसाहेब खाकरले. तेवढ्यात बायांच्या बाजूनं मायचा आवाज आला.

"हे दयाळू पित्या..."

पडद्याकडं न बघता. पापकबुलीची ती प्रार्थना तिला सगळी पाठ होती, प्रोजेक्टर यायच्या कितीतरी आधीपासून. शेजारच्या बाईनं दुसरी ओळ उचलली, मग चटईवरच्या सगळ्याजणींनी. पुरुषांची बाजू उशिरा का होईना मिसळली. पाळकसाहेबांनी डोळे मिटले. त्या दिवशी उपासनेचं पुस्तक त्यांच्या काखेत होतं, हे मी तेव्हा बघितलं.

जावईबापू प्रार्थनेचं पान शोधत होते. पडद्यावर धबधबा, मग तळं, मग पुन्हा धबधबा, पान काही सापडेना. सेक्रेटरी हातानं खुणा करत होते, पुढं, मागं, पुढं. तोवर माय टेबलापाशी पोचली होती, आणि हॉर्न अजून वाजला नव्हता.