मागे ठेवलेली यादी

कोणी काही फुकट देतो म्हटलं की माझे कान टवकारतात. हा स्वभाव मला आबांकडून, म्हणजे वडिलांकडून मिळाला. आमची मेंढरं होती. चार दिवस कळप दुसऱ्या कोणाच्या हवाली करायची वेळ आली, तर आबा कळपापुढे चालणारा बोकड तेवढा घरी बांधून ठेवत. बोकडाशिवाय मेंढरं लांब जात नाहीत, म्हणजे कोणी हाकलून नेईल ही भीती नाही. लोक हसायचे, पण आबांचं एक मेंढरू कधी गेलं नाही.

दोन हजार सालानंतर मी सेनगावात कॉम्प्युटर क्लास चालवत होते. तेव्हा मराठी टायपिंगची मोठी तकलीफ होती. ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा, एका मशीनवरचं दुसऱ्यावर उघडलं की नुसता कचरा दिसायचा. असा जुना मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल असा करून देणारा प्रोग्रॅम मी लिहिला. त्याचा सगळा जीव एका यादीत होता. जुन्या फॉन्टची कुठली खूण म्हणजे कुठलं अक्षर, ती ही यादी. तिच्यासाठी आठ महिने घासले.

केलं ते गुरुजींसाठी. तिसरीत त्यांनी मला शिकवलं होतं. गोरेगावजवळच्या तांड्यावरचे, आता रिटायर झालेले. आपल्या तांड्याच्या बोलीतले शब्द ते माझ्या क्लासात येऊन टाइप करत. काही उच्चार मराठी अक्षरांत बसेनात, म्हणून आम्ही दोघांनी बसून चार नव्या खुणा ठरवल्या आणि त्या फॉन्टमध्ये घातल्या.

"डोळ्याला काचबिंदू हाय, पोरी," ते म्हणत. "दिसून राहिलं तवर एकदा हे छापलेलं वाचायचंय मला." पण पुरं झाल्याशिवाय एक पानही छापू द्यायचे नाहीत.

त्याच दिवसांत एका मासिकात वाचलं की इंटरनेटवर प्रोग्रॅम ठेवायला फुकट जागा मिळते. तोवर असले प्रोग्रॅम मासिकांच्या सीडीवरून यायचे, नाहीतर परदेशातल्या कुठल्यातरी कॉलेजच्या मशीनवर पडून असायचे. आता म्हणे जागा, प्रत्येक बदलाची नोंद, लोकांच्या तक्रारींसाठी फळा, सगळं मिळणार होतं. अट एकच, प्रोग्रॅम सर्वांना उघडा हवा. जीपने हिंगोलीला गेले आणि सायबर कॅफेत फॉर्म भरला. काम काय, कशासाठी, लायसन्स कोणतं, एवढंच विचारलं. दोन दिवसांत मंजुरी आली. मला न बघता, न ओळखता मंजुरी? इथेच माझा संशय पक्का झाला.

आबांना सांगितलं तर ते म्हणाले, "आपली मेंढरं कोनाच्या वावरात बसली तर त्याला लेंड्यांचं खत भेटतं. ह्याला काय भेटून राहिलं?"

मला आबांचा बोकड आठवला. मग मी प्रोग्रॅम चढवला, पण यादी मागे ठेवली. दाखवायला नुसते स्वर टाकले. बाकीची यादी क्लासच्या मशीनवर आणि दोन फ्लॉप्यांत, कपाटात कुलपाआड.

वर्षभराने एका अनोळखी परदेशी माणसाची मेल आली. तुमची यादी अपुरी आहे, वेळ नसेल तर मी पुरी करतो, म्हणाला. ज्याला मराठीचा म सुद्धा येत नाही, त्याला काहून एवढा कळवळा? मी त्याला एका ओळीत उडवून लावलं.

पुढे काही वर्षांनी एका दुपारी लाइट आली ती एवढ्या जोरात की मशीन जळालं. यादी गेली, आमचा फॉन्टही गेला. फ्लॉप्या काढल्या तर त्यांना बुरशी. गुरुजींचे शब्द तेवढे त्यांच्या सीडीवर शिल्लक होते, पण ते उघडायला आता काही नव्हतं.

तोवर त्या पहिल्या जागेवरची वर्दळ कमी झाली होती. लोक नव्या जागेकडे निघाले होते. तिथे कोणाचाही अख्खा प्रोग्रॅम, जुन्या नोंदींसकट, एका बटणात आपल्या नावावर उतरवून घेता यायचा. मी शोधलं, तर माझा प्रोग्रॅम तिथे आधीच पोचलेला. मेल करणाऱ्या त्याच परदेशी माणसाने नेला होता. त्याच जुन्या फॉन्टातल्या मराठी बातम्यांच्या वेबसाइटी बघून, अंदाजाने, त्याने यादी भरत आणली होती. वरती कर्ती म्हणून माझं नाव तसंच होतं. तरी मी दोनदा व्हायरस तपासला, नेटची वायर काढली आणि मगच तो चालवला.

गुरुजी शेजारी बसले होते. पडद्याला नाक लावून त्यांनी एक पान वाचलं.

"पेपरातली मराठी आली," ते म्हणाले. "आमची बोली न्हाई आली."

जिथे जिथे आमच्या चार खुणा होत्या, तिथे रिकामे चौकोन होते. त्या खुणा कुठल्या वेबसाइटवर असणार? त्या फक्त माझ्या यादीत होत्या. ती यादी कुठे गेली, असं त्यांनी विचारलं, आणि मी काय केलं होतं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

गुरुजींना आठवणाऱ्या शब्दांवरून एकेक खूण ओळखत यादी पुन्हा जुळवायला आणि त्या चार खुणा फॉन्टमध्ये परत घालायला आम्हाला तीन महिने लागले. ह्या वेळी मी ती अख्खी चढवली. त्या माणसाने आभार मानून लगेच आपल्या यादीत घेतली. त्याला यातून काय मिळतं ते मला अजून कळलेलं नाही.

छापलेली पानं घेऊन तांड्यावर गेले, तेव्हा गुरुजींना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. त्यांनी पानांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "वाच."

मी वाचायला लागले. प्रत्येक शब्दाला ते माझा उच्चार दुरुस्त करत होते. तिसऱ्या पानावर त्यांनी हात वर केला.

"पोरी, सगळं वाचून राहिलीस न? मधलं काही मागं ठेवून न्हाई न राहिलीस?"

"न्हाई, गुरुजी," मी म्हणाले.

त्यांनी चाचपून माझ्या हातातली पानं घेतली, सरळ केली आणि परत दिली. मग म्हणाले, "पयल्यापासून वाच."