फुलांची कपबशी

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी निजामाबादच्या दवाखान्यात ड्युटीवर होते. मनात पहिलं काय आलं ते लिहूनच टाकते : आता पोरगी माझी! लगेच लाज वाटली, पण आलं ते आलं.

वत्सलाक्का माझी थोरली नणंद. सेनगावला अंगणवाडीत होती. माझा नवरा गेला तेव्हा गौतमी दोन वर्षांची. नर्सिंग शिकायला मी निजामाबादला निघाले तर आक्का म्हणाली, "जाय तू. लेकराचं मी बघते." पाच वर्षं बघितलं. इतकं बघितलं, की मी सुट्टीला आले की पोरगी तिच्या पदराआड लपायची. वेणी आक्काच्याच हातची, घासही तिच्याच हातचा... आणि मला चहा यायचा फुलांच्या कपबशीत. त्या घरात घरच्यांना स्टीलचे पेले आणि पाहुण्यांना कपबशी. आक्काच्या मनात काही नसायचं. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड व्हायचा.

एका उन्हाळ्यात मी गौतमीला घेऊन गेले आणि तिकडच्या शाळेत तिचं नाव घातलं. महिनाभरात आक्कानं हिंगोलीच्या कोर्टात ताब्यासाठी अर्ज केला. माझे वकील म्हणाले, "मुलगी आता तेलंगणात राहते. हिंगोलीच्या कोर्टाला हे प्रकरण चालवायचा अधिकारच नाही, असं म्हणू." मलाही वाटलं, दाखला बदलला म्हणजे राहणं बदललं. पण लेकरू एरवी कुठं राहतं, हे कोर्ट बघतं, कालपरवा कुठं नेऊन ठेवलं ते नाही. न्यायाधीशांनी गौतमीला एकटीलाच आत बोलावलं. ती काय बोलली ते निकालातच कळलं, जसंच्या तसं : "निजामाबादला मी गावाला गेल्ते. आता घरी जायचं. आक्काकडं."

गावाला! आपल्याकडं गावाला माणूस पाहुणा म्हणून जातो. माझ्या पोटची पोर माझ्याकडं पाहुणी होती. प्रकरण हिंगोलीतच चालेल असं ठरलं. आक्कानं तो कागद बोट फिरवत वाचला, घडी केली आणि पोलक्यात ठेवला.

पुढच्या तारखेला तिनं अर्जच मागं घेतला. मी कोर्टाच्या पायरीवर विचारलं, "काहून?" तर म्हणे, "मला येवढंच लिहून पाहिजे व्हतं. लेकरानं आईजवळच ऱ्हावं. घेऊन जाय." भांडून हरले असते तर बरं झालं असतं! माझीच लेक तिनं मला उचलून दिली, आणि मोठेपणाही तिच्याच पदरात पडला. तीन वर्षं दर रविवारी दोघी फोनवर खिदळायच्या, आणि मी तेवढ्यात मिक्सर लावायची. काही वाटायचं नसलं तरी लावायची.

आता आक्काच्या पुण्यानुमोदनाला, तिच्या मागच्या बौद्ध विधीला येऊन आम्ही चार दिवस सेनगावलाच राहिलो. घर आवरत होतो. दहा वर्षांच्या गौतमीनं चहा केला, कुणी न सांगता. स्वतःसाठी पेला घेतला आणि माझ्यासमोर फुलांची कपबशी ठेवली. फळीवर आक्काचा पेला होता, काठाला चेपलेला. मी म्हटलं, "मला त्यात दे की."

गौतमीनं पेला उचलला, फडक्यानं पुसला आणि होता तिथंच परत ठेवला.

"तो घरच्याचा हाय, आई," ती म्हणाली. "तू कपातच घे."