कूलरची पिन

आज सकाळी मीना खोकली आणि माझं डोकंच फिरलं.

दोस्तहो, नांदेडचं कॉलेज अर्ध्यात सोडून मी आमच्या नगरपरिषदेची डिझेल घंटागाडी चालवतो. मीना दिसावी म्हणून तिच्या गल्लीत दोन फेऱ्या मारतो. आज ती नाकाला ओढणी लावून म्हणाली, "दोन-दोनदा धूर पाजतोस व्हय रे? ती नवी बॅटरीवाली गाडी काय नुसती पूजेला आणली?"

तडक ऑफिस गाठलं. चार्जिंगच्या एकुलत्या एका प्लगवर साहेबांचा कूलर चालू होता.

"साहेब, गाडी चार्ज कधी करायची?"

"लई उकडून राहिलंय बाबा. पावसाळ्यात बघू."

मी कूलरची पिन उपसली. बाहेर धूळ खात उभ्या नव्या गाडीची वायर खिडकीतून आत ओढून तिथं लावली.

"आरं, नोकरी जाईल तुझी!"

"जाऊ द्या साहेब. पण वायरला हात लावू नका."

तुम्ही असता तर काय केलं असतं? मी बाहेर आलो आणि मागं दार ओढून घेतलं.