मामांनी शिरा सोडला

अख्ख्या जालना जिल्ह्यात आमच्या अंबडच्या मामांइतका बारीक माणूस सापडेल आणि त्यांच्याएवढं पोट असलेला माणूसही सापडेल, पण या दोन्ही गोष्टी एकाच शर्टात घेऊन फिरणारा दुसरा माणूस सापडणार नाही. मामांचे हात म्हणजे तुराट्या. मान अशी की शर्टाचं वरचं बटण लावलं तरी आत दोन बोटं सहज जातील. आणि या सगळ्या काटकुळ्या संसाराच्या मधोमध एक गोल, घट्ट पोट, जणू कुणी बाजारातून आणलेलं कलिंगड जरा धरायला दिलं आणि न्यायला परत आलंच नाही. मामांना पाठीमागून पाहिलं तर ते बारावीचा पोरगा वाटायचे आणि बाजूने पाहिलं तर साखर कारखान्याचे संचालक. त्यांच्या टेलरने माप लिहून घेताना एकदा मान वर करून विचारलं होतं, "मामा, ही मापं एकाच माणसाची हायेत ना?" कमरेला बसणारी पँट पायात अशी फडफडायची की वारं सुटलं की मामा थोडे तिरके चालायचे.

हे मामा माझ्या मायचे चुलतभाऊ. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. बारावीनंतर मी काय करायचं याचा विचार चाललेला असताना मामा आमच्या घरी आले आणि मायला म्हणाले, "ह्याची पुस्तकं अन् दोन कपडे दे पिशवीत. बाकीचं अंबडला हाय." पदवी हातात येईपर्यंत मी त्यांच्याच घरी राहिलो, मामींच्या हातचं जेवलो. आज मी जे चार शब्द लिहितो त्यामागे ती पिशवी आहे. त्यामुळे मामांच्या पोटाबद्दल मी काही बोललो तर ते घरच्या माणसाचं बोलणं समजावं.

मामा अंबडच्या बाजारात एका कापड दुकानात कामाला होते. लग्नाच्या बस्त्याला आलेल्या गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडता उलगडता त्यांना तालुक्याची सगळी बातमी कळायची. कुणाची पोरगी लग्नाला आली, कुणाचा पोरगा नोकरीला लागला, कुणाचं कुणाशी पाहुणेपण निघतं. मग दुकान बंद असलेल्या दिवशी मामा एसटीत बसून सोयरिकी जुळवायला निघायचे. यासाठी त्यांनी कुणाकडून सुपारीच्या खांडाचीही अपेक्षा ठेवली नाही. फक्त खायचे. आणि त्या खाण्यात एक कायदा होता. मुलगी पाहायला बरोबर आलेल्या मुलाकडच्यांचा कल मामा त्यांच्या चेहऱ्यावरूनच ओळखायचे. पसंती असली की मामा बशीतला शिरा संपवून आणखी मागायचे. पसंती नसली की बशी तशीच ठेवून नुसतं पाणी पिऊन उठायचे. हा कायदा आजूबाजूच्या गावांना, पार भोकरदनपर्यंत, इतका पाठ झाला होता की मुलीची आई दाराआडून मुलाकडे पाहतच नसे, मामांच्या बशीकडे पाहायची. एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो असताना त्यांनी बशी ठेवली. मुलीच्या वडिलांना समजलं. तरी ते आम्हाला फाट्यापर्यंत सोडायला आले, पावसापाण्याचं बोलले, हसून परत गेले. बसमध्ये मामा म्हणाले, "नकार तोंडानं द्यायचा न्हाई, भाच्या. बापाला ते शब्द जल्मभर ऐकू येतात. बशीतला शिरा काय, मांजर बी खातं." पण नकार द्यायची वेळ येऊ नये म्हणून मामा इतके झटायचे की होकारच जास्त व्हायचे, आणि प्रत्येक होकाराला दोन बशा. पोटाला कुणी हसलं की ते पोटावरून हात फिरवत म्हणायचे, "ह्ये माझं एकट्याचं न्हाई. निम्म्या तालुक्याचा होकार हाय ह्याच्यात."

एक दिवस कापडाचा गठ्ठा घेऊन माडीचा जिना चढताना मामांना धाप लागली. मामींनी त्यांना ओढतच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होते. तपासण्या करून म्हणाले, "मामा, तुमच्या हातापायांवर चरबी नाहीच. ती सगळी पोटात बसलीय, आत यकृतावरसुद्धा. साखर काठावर आलीय. बारीक आहोत म्हणून आपल्याला काही होत नाही, असं समजू नका. पोट कमी करा." मामा म्हणाले, "डॉक्टरसायब, याच्याहून बारीक झालो तर मी दिसणारच न्हाई." डॉक्टरांनी पुढे बरंच सांगितलं, पण मामांच्या कानात एवढंच राहिलं की कमी खायचं. त्यांनी दोनाची एक भाकर केली, वरण बंद केलं, भाजीची नुसती चव घ्यायला लागले. चहा मात्र चालू होता, कारण चहा हे काही जेवण नाही, आणि चहाबरोबरची खारी ही चहातच मोडते. याचा परिणाम असा झाला की मामांचे गाल आत गेले, गळ्याची हाडं वर आली, आणि पोट जागचं हललं नाही. उलट, आजूबाजूचं रान तोडल्यावर टेकडी मोठी दिसावी तसं ते जास्तच दिसायला लागलं.

मग लोकांना वाटलं, मामांना काहीतरी मोठं दुखणं लागलंय. जिथे जिथे त्यांनी सोयरिक जुळवली होती तिथून माणसं भेटायला यायला लागली. येताना बिस्किटांचे पुडे आणायची. एक म्हातारे गृहस्थ मामांचा तुराटीसारखा हात हातात घेऊन रडायलाच लागले. मामा त्यांची समजूत काढत बसले, आणि समजूत काढायची म्हणजे त्यांच्याबरोबर चहा घेणं आलंच. मामी मला फोनवर म्हणाल्या, "लोकं आजारी समजून भेटायला येऊन राह्यलेत, अन् हे त्यांच्याच बिस्किटांवर जगून राह्यलेत!"

डॉक्टरांनी दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा कपाळाला हात लावला. म्हणाले, "मामा, तुम्ही नेमकं उलटं केलं. पोटभर जेवायचं. भाकर, वरण, उसळ, दही, शेंगदाणे, चालत असतील तर अंडी. चहातली साखर, खारी, बिस्किटं आणि शिरा बंद." शिरा म्हणताना डॉक्टरांनी मुद्दाम मामींकडे पाहिलं, आणि मामांनी तिथेच मामींना शब्द दिला. मामांचा स्वभाव असा की एकदा शब्द दिला की त्याचा उत्सव करायचे. शर्टाच्या एका खिशात फुटाणे, दुसऱ्यात शेंगदाणे. मामींच्या स्वयंपाकघरात अंडं चालत नसल्यामुळे परसात तीन विटांची चूल मांडून, देवघराकडे पाठ करून, मामा स्वतः अंडी उकडायचे. दुकानात मालकांनी चहा पुढे केला तर "बिलकुल न्हाई" म्हणून असा हात जोडायचे की मालकांना आठवडाभर वाटत होतं, मामा आपल्यावर रुसलेत. समोर कुणी साखर घातली तरी मामा त्या माणसाकडे दयेने पाहायचे.

नेमकी याच दिवसांत माझ्या लग्नाची वेळ आली. मी शिक्षक झालो होतो, पण विनाअनुदानित शाळेत. मुलीकडचे लोक नोकरीचं ऐकून पुढे सरकायचे आणि पगार ऐकून मागे. बऱ्याच ठिकाणी असं झाल्यावर मायने लग्नाचं बोलणंच सोडलं होतं. तेव्हा मामांनी भोकरदनकडच्या धावड्याचं ठिकाण काढलं. वडील शेतकरी, मुलगी बी.एस्सी. झालेली. "माणसं पगार पाहणारी न्हाईत, पोरगा पाहणारी हायेत," मामा म्हणाले. आम्ही गेलो. मुलीने मला एकच प्रश्न विचारला, "तुम्ही मुलांना मारता का?" मी म्हणालो, "मारत नाही. ओरडतो मात्र." ती हसली. त्यानंतर तिथे काय बोलणं झालं ते मला फारसं आठवत नाही. मला इतकंच वाटत होतं की ही सोयरिक झाली पाहिजे, आणि झाली नाही तर मी पुन्हा कुणाच्या घरी पोहे खायला जाणार नाही.

त्या दिवशी पोहे आले, शिरा आला, चहा आला. मामांनी शिऱ्याची बशी एका हाताने दूर सारली आणि पथ्य सांभाळणाऱ्या माणसाच्या अभिमानाने म्हणाले, "नको, नको. बिलकुल नको." चहालाही हात लावला नाही. पाणी प्यायले आणि उठले. मी तेव्हा दाराकडे पाहत होतो. मामा स्वतःच्या निग्रहावर इतके खूश होते की आपण काय करून बसलो हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. बसमध्ये मला म्हणाले, "पाह्यलं का? समोर शिरा होता, तूप सुटलेला. पाघळलो का मी?" माझं मन अजून त्या दारातच होतं, म्हणून मलाही काही खटकलं नाही.

धावड्याहून निरोप येईना. मी शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता थांबायचो. शेवटी मामांच्या दुकानात तिकडचं एक गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, "त्या पोरीचं दुसरीकडं बोलणं चालू हाय. तुमचा भाचा न्हाई म्हणला ना? मामांनी शिऱ्याला हात बी लावला न्हाई म्हणत होते." मामांच्या हातातली साडी अर्धी उलगडलेली तशीच राहिली. त्यांनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज चिरकला होता. "अरे भाच्या, म्या शिरा सोडला! पोरगी न्हाई सोडली!" मी म्हणालो, "त्यांना आत्ताच फोन करून सांगा ना." मामा म्हणाले, "फोनवर शिरा खाता येतो का? जल्दी ये, भोकरदनची गाडी गाठू."

धावड्यात मुलीचे वडील अंगणात सुपात मिरच्या घेऊन निवडत बसले होते. "या," म्हणाले, आणि आतून फक्त पाण्याचा तांब्या आला. मामांनी उभ्या आयुष्यात कुणाच्या घरी पहिली बशी तोंडाने मागितली नव्हती. ते खाकरले आणि म्हणाले, "पाव्हणं, जरा शिरा करायला सांगा."

"त्या दिशी केल्ता की, मामा," वडील मिरचीचं देठ मोडत म्हणाले. "तुमी ठेवला, वासरानं खाल्ला."

मामा उभे राहिले. दोन्ही हातांनी पोट धरून म्हणाले, "ह्याच्यापायी झालं. गुन्हेगार ह्यो हाय. डॉक्टरनं शिरा बंद केलाय, मी पथ्य करून राह्यलो. पोराला तुमची लेक पसंत हाय. दुसरीकडं बोलू नका, हात जोडतो." आत भांड्यांचा आवाज थांबला. दारातून मुलगीच बाहेर आली. वडिलांना म्हणाली, "मी तुम्हाला म्हटलं नव्हतं का? मामांनी पोह्यातले सगळे शेंगदाणे वेचून खाल्ले होते. नकार द्यायला आलेला माणूस शेंगदाणे हुडकत बसतो का? पण माझं कोण ऐकतं!" एवढं बोलून ती आत गेली आणि मटकीच्या उसळीची वाटी घेऊन आली. मामांनी ती पुसून खाल्ली, आणखी मागितली, तीही खाल्ली आणि आशेने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी आणखी एका मिरचीचं देठ मोडलं. मग म्हणाले, "ते सगळं बराबर हाय, मामा. पण उसळीवर सोयरिक झाली असं काही मी आजवर ऐकलं न्हाई."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मला बोलायचं होतं, की मामा, राहू द्या, मामींना शब्द दिलाय तुम्ही. पण मला ती सोयरिक हवी होती. मामा दाराकडे वळून मुलीच्या आईला म्हणाले, "अक्का, तूप हात राखून घालू नका." थोड्या वेळाने बशी आली. मामांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते माझ्यासाठी मोडलेल्या पथ्याचं होतं की इतक्या महिन्यांनी भेटलेल्या शिऱ्याचं, हे मला आजही सांगता येणार नाही. बशी संपवून त्यांनी ती पुढे केली आणि म्हणाले, "आणखी वाढा." तेव्हा कुठे वडिलांनी मिरच्यांचं सूप बाजूला ठेवलं आणि हात धुऊन मला जवळ बसवलं. परतताना मामा म्हणाले, "मामीला काही सांगू नको. लग्न ठरलं एवढंच सांग." मी विचारलं, "ठरलं कसं, असं विचारलं तर?" मामा म्हणाले, "मंग उसळीवर ठरलं म्हण."

लग्न झालं. त्यानंतर मामांच्या ताटाची काळजी मामींपेक्षा माझ्या बायकोलाच जास्त. रोज फोन करून विचारते, काय खाल्लं, उसळ केली का. पोटभर जेवून मामांचं पोट हळूहळू उतरलं. हातांवर थोडं मांस आलं, पँट सरळ पडायला लागली. डॉक्टर खूश, टेलर खूश. पण सोयरिकीला मात्र मामांना आता कुणी बोलवत नाही. पोरं-पोरी मोबाइलवर एकमेकांना पाहतात, जालन्यात एखाद्या हॉटेलात कॉफी पितात, आणि नकार असेल तर तोही मोबाइलवरच जातो, एका ओळीत. मामांना हे मी समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग पोरीच्या बापाला कोण सांगतं?"

मागच्या महिन्यात आम्ही दोघं अंबडला गेलो होतो. निघताना मामा स्टँडवर सोडायला आले आणि नेहमीसारखं त्यांनी मला जवळ घेतलं. पूर्वी मामांनी जवळ घेतलं की आधी पोट भेटायचं, मामा मागून यायचे. या वेळी मधे काहीच नव्हतं. त्यांच्या बरगड्या लागल्या, आणि छातीतली धडधड अगदी स्पष्ट ऐकू आली. डॉक्टर म्हणतात, ठोके एकदम व्यवस्थित आहेत. मलाही व्यवस्थितच वाटले. तरी कंडक्टर घंटी मारून ओरडायला लागला तोवर मी ते ऐकत तसाच उभा राहिलो.