कागदावरची दोन वर्षं

आमच्याकडे बारा प्राण्यांची बारा वर्षं फिरत राहतात; माझ्या बहिणीची मुलगी रुओलान ड्रॅगनच्या वर्षातली. कागदावर मात्र ती घोड्याच्या वर्षातली, म्हणजे दोन वर्षांनी लहान. लिनशीच्या क्रीडाशाळेत घालताना तिथले पोहण्याचे शिक्षक शांग सर यांनीच तसं सुचवलं होतं. बारा वर्षांची मुलगी दहाच्या गटात उतरली की तिच्यापुढे कोण जाणार? सगळेच करतात, म्हणाले. नोंदणी कचेरीत बहिणीबरोबर मीही गेले होते. तिथल्या बाईंनी मान वर करूनही पाहिलं नाही.

रुओलान फ्रीस्टाइल पोहायची. तिचा हात पाण्यात शिरताना आवाज होत नसे. शेजारच्या लेनमध्ये पेई शिन असायची. नूडलवाल्याची मुलगी, खरोखरची दहा वर्षांची, अंगाने काडी. दोघी एका डब्यात जेवायच्या. रुओलान जास्त जेवली की पेई शिन म्हणायची, घोडीला चारा कमी पडतो.

त्या वर्षी प्रांताच्या संघात आमच्या शाळेतून एकच मुलगी जाणार होती आणि ते शंभर मीटरच्या शर्यतीवर ठरणार होतं. नेमकं तेच वर्ष ड्रॅगनचं. बारा वर्षांनी आपल्या जन्माचं वर्ष फिरून आलं की ते जड जातं, अंगावर लाल काहीतरी लागतं. बहीण घाबरली. मी क्वानयिन देवीच्या देवळातून लाल दोरा आणला आणि बहिणीने तो रुओलानच्या घोट्याला बांधला. कचेरीला फसवलं तरी देवीला कसं फसवणार, एवढंच आमच्या मनात. मुली सगळ्यांसमोर कपडे बदलतात, हे आम्हा बहिणींपैकी एकीलाही सुचलं नाही.

शर्यतीच्या दिवशी कपडे बदलताना पेई शिनला तो दिसला.

"तू घोडा ना? मग यंदा लाल कशाला?" तिने हळूच विचारलं.

आईला आवडतो, रुओलान म्हणाली. पेई शिन दोऱ्यापाशी वाकली. मग स्वतःच्या पिशवीतली चिकटपट्टी काढून तिने तो झाकून दिला. सरांना दिसेल, म्हणाली. अर्ध्या तासाने ती रुओलानकडून एका हाताच्या अंतराने हरली. रुओलान प्रांताच्या राजधानीत गेली, पेई शिन वडिलांच्या दुकानात.

पुढे फार काही झालं नाही, हेच सांगायचं आहे. संघातल्या बाकीच्या मुली वाढत गेल्या. रुओलानची वाढ आधीच होऊन गेलेली. राष्ट्रीय स्पर्धेत तिला रिलेच्या फक्त सकाळच्या फेरीत उतरवलं, अंतिम फेरीला दुसरी गेली. मग खांदा गेला. लिनशीला परत येऊन ती नगरपालिकेच्या तलावावर लहान मुलांना शिकवू लागली. पेई शिनच्या दुकानाच्या रस्त्याने मात्र ती कधी जात नसे.

गेल्या वर्षी पेई शिनच मुलीचं नाव घालायला तलावावर आली. रुओलानने तिला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. किती वर्षं मनात घोळवलेलं होतं ते. मी तिथेच कपाटांच्या चाव्या देण्याच्या खिडकीत कामाला होते, सगळं ऐकू येत होतं. पेई शिनने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे आता रुओलानताई म्हणायला हवं," ती म्हणाली. "दोन वर्षांनी मोठी आहेस."

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"दहा वर्षांच्या पोरीलाही आपलं वर्ष कळतं, ताई. मी घोडाच ना."

रुओलानने माफ कर म्हटलं. त्यावर पेई शिनने विचारलं, राष्ट्रीय स्पर्धेत कितवी आलीस? अंतिम फेरीत उतरवलंच नाही, रुओलान म्हणाली.

पेई शिन रागावली नाही. नुसती मुलीचे टोपीबाहेर आलेले केस आत सारत राहिली. मग म्हणाली, "निदान जिंकायचंस तरी."

मुलीचं नाव तिने दुसऱ्या शिक्षकाकडे घातलं. दर शनिवारी ती पोर दोन लेन पलीकडे पोहते. तिचं डावं कोपर पाण्यात खाली पडतं. त्या शिक्षकाच्या ती चूक लक्षात येत नाही. रुओलानला काठावरून दिसतं, पण ती काही बोलत नाही.