हात मागे, डोळे पुढे

कुठल्याही प्रश्नाचं सरळ उत्तर न देता उभं आयुष्य काढलेला माणूस विठ्ठलवाडीत एकच झाला, ते म्हणजे आमच्या शेजारच्या खोलीतले फिटरकाका. कुणी नुसता पत्ता विचारला तरी ते आधी विचारत, "तुम्ही कुठपर्यंत शोधलंत?" घरात नवा मिक्सर आला, तेव्हा त्याचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून होईस्तोवर त्यांनी पिन प्लगला लावू दिली नाही, काकूंनी तीन दिवस चटणी पाट्यावरच वाटली. "आमटीत मीठ बरोबर आहे का विचारलं, तर म्हणतात, तू चाखलीस का आधी," असं काकू नळावर सांगायच्या आणि बायकांच्या हातातल्या कळशा हिंदकळायच्या.

आमच्या घरात हसण्यासारखं फार नव्हतं. बाबा गोदामात माल चढवायचे. आई उल्हासनगरच्या कारखान्यातून जीन्सचे गठ्ठे घरी आणून शिलाईचे सुटे धागे कापायची. एका खोलीत माझ्या पुस्तकांपेक्षा पँटींना जास्त जागा होती, आणि निळी भुकटी माझ्या वह्यांवरही बसायची. आई चौथी शिकलेली, बाबा तेवढेही नाहीत. त्यामुळे दहावीच्या प्रिलिमला मी बीजगणितात नापास झाले, तेव्हा कुणी रागावलंसुद्धा नाही. आईने एवढंच सांगितलं, की बोर्डातही असंच झालं तर कारखान्यात मशीनवर बसायचं. शेठला तिने विचारूनही ठेवलेलं. क्लास परवडणारा नव्हता. काका चाळीतल्या पोरांचा अभ्यास फुकट घ्यायचे, म्हणून मी त्यांच्या दारात गेले.

काका माजिवड्याच्या एका कंपनीत फिटर होते. मशीन बंद पडलं की पहिली दहा मिनिटं ते हात मागे बांधून नुसते बघत उभे राहायचे. पाना हातात आला की माणसाचे डोळे मिटतात, असं त्यांचं ठाम मत. तेच त्यांनी आम्हा पाच-सहा पोरांना लावलं. पुस्तक गॅलरीच्या कठड्यावर उघडं ठेवायचं, हात मागे घ्यायचे आणि गणिताकडे बघायचं. पेन्सिलीला शिवायचं नाही. मग जिथपर्यंत कळलं तिथे रेघ मारायची, आणि रेघेखाली काय कळलं नाही ते पूर्ण वाक्यात लिहायचं. 'सगळंच कळत नाही' असं लिहिलेलं चालायचं नाही. मशीन कधी सगळंच्या सगळं बिघडत नसतं, म्हणायचे. एकदा बाबा कामावरून लवकर आले आणि आम्हाला असं रांगेत उभं पाहून, आपल्या पोरीला शिक्षा केली म्हणून तडक भांडायला गेले. काकांनी त्यांनाही हात मागे घेऊन दहा मिनिटं उभं केलं. बाबांना गणित काही कळलं नाही, पण भांडण विसरले.

परीक्षा महिन्यावर आली आणि माझ्या वहीतल्या रेघा वाढतच चालल्या. संख्या बरोबरच्या चिन्हापलीकडे गेली की अधिकची उणे का होते, हे वाक्य मी सलग चार दिवस लिहिलेलं. खरं तर हे सातवी-आठवीतच कळायला हवं होतं. मी नियम पाठ करून इथवर आलेले. पाचव्या दिवशी मी रडत घरी गेले. आई उठली, आणि हातातल्या कात्रीसकट काकांच्या दारात उभी राहिली.

"भावजी, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. एकदा सांगून टाका ना तिला."

काका हळू म्हणाले, "वहिनी, येत असतं तर सांगितलं असतं. मी सातवी शिकलोय."

म्हणजे इतकी वर्षं उत्तर न देणं, हे तत्त्व होतं की झाकपाक? हे कोडं मला आजही पडतं. काकूंना विचारलं तर म्हणतात, दोन्ही गं, पण आधी काय होतं ते मलाही नाही सापडलं.

त्या संध्याकाळी काका पहिल्यांदा माझ्या बाजूला येऊन, हात मागे बांधून उभे राहिले. एक्स अधिक पाच बरोबर बारा. मी म्हटलं, पाच पलीकडे जातो आणि उणे होतो.

"जातो कसा? त्याला पाय आहेत?"

सर तसंच शिकवतात, मी म्हटलं.

"सरांना राहू दे. इथला पाच काढला कोणी?"

"मी काढला," असं म्हणताम्हणताच मी अडकले. मी एका बाजूचे पाच काढले, तर दुसऱ्या बाजूचेही काढायलाच हवेत, नाहीतर दोन्ही बाजू सारख्या राहणार कशा? पलीकडे काही जातच नव्हतं. दोन्हीकडून सारखंच कमी होत होतं. मी ते काकांना समजावलं, मग आईला.

"हात्तिच्या," आई म्हणाली, "एक पाय आखूड केला की दुसराही करावाच लागतो. नाहीतर पँट परत येते."

त्यानंतर मी कुणाला विचारायला थांबले नाही. रेघेखालचं वाक्य लिहितालिहिताच निम्म्या वेळा उत्तर सापडायचं, उरलेल्या वेळा मागच्या धड्यात.

पुढे काकांचा मुलगा त्यांना बाळकुमला टॉवरमध्ये घेऊन गेला. तिथे लिफ्ट बंद पडली की फोन लावतात; काका जिने उतरून बघायला पोचेपर्यंत ती चालूही झालेली असते. मध्यंतरी मी भेटायला गेलेले, तर काका खिडकीशी बसलेले. इथे कुणी मला काही विचारतच नाही गं, म्हणाले. मी त्यांना वर्गसमीकरण दाखवायला घेतलं. चहा निवून गेला तरी आमचं संपलं नव्हतं.

प्रिलिमला नापास झालेली मी त्याच वर्षी दहावी पास झाले. मशीनवर बसले नाही. पुढे गणित घेऊन बीएस्सी झाले. आईकडच्या आणि बाबांकडच्या सगळ्या नातेवाइकांत कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली.