कुलूपबंद घरांतली पिंपं

उधन्यातल्या आमच्या चाळीत अखाजीच्या सणाला गावी जाताना बायका पिंप काठोकाठ भरून ठेवत. परतल्यावर नळाची वाट बघायला नको. मग दाराला कुलूप, आणि निम्मी चाळ खानदेशात. मागे राहायचं साचलेलं पाणी आणि त्यात डासांच्या अळ्या.

उज्ज्वलाबेन पालिकेच्या आरोग्य खात्यात होत्या. घर तपासून झालं की दाराशेजारी खडूनं तारीख लिहायच्या. शेजारची कलाबाई त्यांना डिवचायची, "सारखं पाणी ओतायला लावतेस, थेंबावर पगार मिळतो का?"

"पगार नाही गं, बढती. तुझंच एक पिंप कमी पडतंय."

बढती खरंच जवळ आली होती. बावीस वर्षांतली पहिली.

त्या वर्षी वडिलांना लूमवरून सुट्टी मिळाली नाही, म्हणून आम्ही चाळीतच राहिलो. मी सहावीत होते. मला डेंग्यू झाला, पाठोपाठ आणखी चौघांना. उज्ज्वलाबेनचे साहेब पाहणीला आले आणि आमच्या दारातच त्यांना म्हणाले, "बंद घरं तपासलेली दाखवा. ताप साधा लिहा. पुढच्या महिन्यात तुमची फाइल माझ्याकडेच येतेय."

मी आईच्या मांडीवर पडून ऐकत होते.

"येऊ दे साहेब," उज्ज्वलाबेन म्हणाल्या. "या पोरीचा ताप साधा नाही. आणि जे दार मी उघडलं नाही, त्यावर तारीख लिहिणार नाही."

साहेब गेल्यावर त्यांनी एकेकाला गावी फोन लावला.

"कलाबाई, कुलूप तोडू का?"

"हात तर लावून बघ!"

"तुझ्या शेजारच्या रुक्मिणीची पोरगी तापानं फणफणलीय गं."

"तोड मग. नवं मात्र भारीतलं लाव."

संध्याकाळपर्यंत सगळी पिंपं गटारात रिकामी झाली. सर्वांत जास्त अळ्या कलाबाईच्याच पिंपात निघाल्या. त्यानंतर चाळीत नवा रुग्ण आला नाही. मी हळूहळू बरी झाले.

बढती दुसऱ्याला मिळाली. उज्ज्वलाबेन गेल्या मार्चमध्ये त्याच पदावरून निवृत्त झाल्या.

यंदा अखाजीला कलाबाईनं पिंप पालथं घातलं आणि मला सोबत घेऊन पर्वत पाटिया भागात उज्ज्वलाबेनच्या घरी चावी द्यायला आली.

"अगं, मी आता नोकरीत नाही."

"माहितेय. चावी कुणाकडे ठेवायची ते काय पालिका ठरवणार?"

उज्ज्वलाबेन हसल्या आणि भिंतीवरच्या खिळ्याकडे वळल्या. तिथे आमच्या चाळीतल्या नऊ चाव्या आधीच लटकत होत्या. एक आमच्या घरची होती.